नोंद न झालेला तारा

"म्हणजे बुवा, मी कुठे आहे हे सांगितल्याशिवाय मला सोडवताच येणार नाही?"

जयसिंग खळदकर मठाच्या उंबऱ्यातच उभा होता. पायांत वहाणा तशाच, काखेत संगणकाची पिशवी.

केशवगिरी बुवा चवळीच्या शेंगा मोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वहाणा काढ आधी."

त्याने काढल्या.

"हं. आता विचार."

"मी अडकलोय. यानातलं इंधन संपलंय. तुम्ही तुमचं यान घेऊन या, मला इंधन द्या. पण जागा विचारू नका."

बुवांनी एक शेंग सोलली. ती किडकी निघाली. ती त्यांनी बाजूला टाकली.

"विहिरीत पडलेला माणूस ओरडतोय," ते म्हणाले, "आणि कोणती विहीर, तेवढं मात्र विचारायचं नाही. बरं."

आतून मठात स्वयंपाक करणाऱ्या वेणूमावशींचा आवाज आला. "आलं का लेकरू? इतक्या दिवसांत तोंड दाखवलं नाही. आज काहीतरी अडलेलं दिसतंय!"

जयसिंगाचे कान तापले.

प्रवरेच्या काठचा हा मठ जुना. पण तेथे येणाऱ्यांचे कारण मात्र अलीकडचे होते. परदेशी निघालेल्या एका भक्ताने आपला संगणक मठात ठेवला आणि त्याच्याबरोबर एक खेळही मागे राहिला. त्या खेळाचे मूळ नाव इंग्रजी. मठात त्याला 'अथांग' म्हणत. पडद्यासमोर बसायचे, एक यान मिळते, आणि पुढे तारे... इतके, की जगातल्या साऱ्या खेळाडूंनी जन्मभर हिंडायचे म्हटले तरी एक कोपरा पाहून व्हायचा नाही.

बुवा प्रथम हसले होते. मग बसले. मग उठायचेच विसरले. पुढे पुढे त्यांचे नाव ऐकून लोक यान चालवायला शिकण्यासाठी मठात येऊ लागले.

बुवांची शिकवण थोडी होती आणि ते ती फार सावकाश शिकवीत.

नकाशा उघडण्याआधी आपण कोठे आहोत ते मोठ्याने उच्चारायचे. अनोळखी ताऱ्यापाशी पोहोचल्यावर आधी हाळी द्यायची. यानातली एक कळ दाबली की एक लहर सुटे आणि आसपासचे ग्रह, चंद्र, धोंडे आपापला पत्ता कळवीत. तिला बुवा हाळी म्हणत. हाळी दिल्यावर उत्तर येईपर्यंत थांबायचे. पुढे पळायचे नाही.

आणि तारे ओळखायचे. काही तारे दुभते, काही भाकड. दुभत्या ताऱ्याच्या कडेकडेने यान नेले की त्याच्या ज्वाळांतून टाकी भरून घेता येई. भाकड तारा काळपट तांबडा, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. त्यातून थेंबही मिळत नसे. पुढची उडी दुभत्या ताऱ्यापाशी आहे याची खात्री केल्याखेरीज उडी घ्यायची नाही, हा तर पहिल्याच दिवसाचा धडा.

जयसिंग हे सारे एका बैठकीत शिकला होता. म्हणूनच तो त्यातले काही पाळीत नसे.

"भाकड पट्ट्यात शिरलास?" बुवांनी विचारले.

"...हो."

"नकाशा पाहिला नाहीस?"

"जवळची वाट निवडली. घाई होती."

"कसली?"

जयसिंग खाली बसला. त्याच्या डोळ्यांत एकदम उजेड आला.

"बुवा, मला एक तारा सापडलाय. दोन सूर्य आहेत, एकमेकांभोवती फिरणारे. आणि एक निळा ग्रह, कडी असलेला. त्याच्याखाली नाव नाही. कुणाचंच नाही! इतक्या लांब कुणी आलंच नव्हतं."

बुवांचे हात क्षणभर थांबले. मग पुन्हा शेंगा मोडू लागले.

अथांगमध्ये रीत अशी होती: जो तारा प्रथम पाहील त्याचे नाव त्या ताऱ्याखाली कायमचे कोरले जाई. मात्र नुसते पाहून भागत नसे. ती वार्ता घेऊन माणसांच्या वस्तीच्या स्थानकावर परत यावे लागे. तेथे पोहोचेपर्यंत काहीच आपले नाही. वाटेत यान फुटले तर पाहिलेले सारे त्याच्याबरोबर जाई, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या कुणाचेही नाव लागू शके.

"यानात हवा किती उरलीय?" बुवांनी विचारले.

"थोडीच. आकडे खाली यायला लागले तसा मी खेळातून बाहेर पडलो."

"ते मात्र बरं केलंस."

हाही पहिल्या दिवसाचाच धडा. खेळ बंद असेपर्यंत घड्याळ थांबते. उघडला की श्वास मोजायला लागते.

"मग आता उघडायचा, मला जागा सांगायची, मी येतो," बुवा म्हणाले. "तोवर पुन्हा बंद करून ठेव. सोपं आहे."

"जागा सांगितली तर तारा कळेल. मी कुठून कुठे निघालो, ते नकाशावर सरळ दिसतं."

"दिसू दे."

"...नको."

बुवांनी आता प्रथमच त्याच्याकडे पाहिले.

"मी तुझा तारा चोरेन, असं वाटतं तुला?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस?"

जयसिंगाला दुकानाची पाटी आठवली. संगमनेरच्या बाजारपेठेत 'खळदकर बंधू' अशी भांड्यांच्या दुकानाची पाटी होती. त्याच्या वडिलांनी लावलेली. तो आणि थोरला भाऊ, दोघांनी मिळून दुकान वाढवले. गेल्या दिवाळीच्या आधी भावाने पाटी रंगवायला काढली. रंगाऱ्याने शिडी लावली, 'बंधू' खरवडले आणि तेथे 'आणि पुत्र' लिहिले. जयसिंग समोरच्या फुटपाथावर उभा राहून बघत होता. भाऊ म्हणाला होता, अरे, तू आणि मी काय वेगळे आहोत? पाटीचं काय घेऊन बसलास?

त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. कुणाच्या रंगाऱ्याची शिडी जेथे पोहोचणार नाही, अशा एका जागी आपले नाव.

"शपथ घ्या," तो एकदम म्हणाला. "गादीपुढे उभे राहा आणि शपथ घ्या, की माझ्या आधी स्थानकावर जाणार नाही."

वेणूमावशी चहा घेऊन येत होत्या. त्या जागीच थबकल्या.

"शाब्बास रे बाबा! शिकवलं त्यांनी, आणि शपथ घ्यायची ती पण त्यांनीच? चहा देऊ, का त्याची पण आधी परीक्षा घेणारेस?"

"मावशी, ठेवा तो चहा," बुवा शांतपणे म्हणाले.

त्या चहा ठेवून पुटपुटत आत गेल्या.

"शपथ मी घेणार नाही," बुवा म्हणाले.

"का?"

"घेतली, तरी तुझा विश्वास शपथेवर बसेल. माझ्यावर नाही."

"तुम्हाला काय जातंय बोलायला! तुमचा स्वतःचा तारा तुमच्याच शिष्याने नेला. सगळ्यांना ठाऊक आहे ते."

"नेला नाही. मीच सांगितला."

"का सांगितलात?"

"अडकलो होतो. त्याने विचारलं, कुठे आहात? मी सांगितलं. तो आला. टाकी भरून दिली. मग माझ्यापुढे गेला आणि आपलं नाव लावलं."

"आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

...

"वाटलं," बुवा म्हणाले. "अजूनही वाटतं."

जयसिंगाने हे उत्तर अपेक्षिले नव्हते. तो थोडा वरमला. पण बधला नाही.

"म्हणूनच म्हणतो मी. ज्याला वाटतं, त्याचा भरवसा कसा धरायचा?"

बुवा उठले. ओटीच्या कडेला जाऊन त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले. आतल्या खोलीत जाऊन आपला संगणक सुरू केला, आपला परवलीचा शब्द त्यात भरला आणि खुर्ची मागे ओढली.

"ये. बस इथे."

"म्हणजे?"

"माझं यान घे. तूच चालव. तुझं यान तुझ्या संगणकावर, माझं यान माझ्या. तू जा आणि तुला इंधन दे. कुणी काही पाहणार नाही."

जयसिंग पाहतच राहिला.

"आणि तुम्ही?"

"मी नदीवर जातो."

"पण इंधन दिल्यावर तुमचं यान... त्याचं काय करू?"

बुवांनी खुंटीवरचे धोतर खांद्यावर टाकले, तांब्या उचलला.

"तुझ्या हाती आहे," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

जयसिंग त्या खुर्चीवर बसला. मठात तो कितीदा आला होता, पण बुवांच्या खुर्चीवर बसण्याची ही पहिलीच वेळ. त्याने नकाशा उघडला. आपण कोठे आहोत ते उच्चारायचे आजही त्याच्या ध्यानात आले नाही.

बुवांचे यान कोठेतरी वस्तीजवळ घुटमळत असेल, अशी त्याची समजूत होती. पण नकाशावर एकही ओळखीची खूण दिसेना. मग दिसली, आणि त्याचा हात आखडला.

यान त्याच भाकड पट्ट्याच्या काठावर उभे होते. टाकी भरलेली, पुढच्या वाटेवर दुभते तारे एकेक करून नीट हेरून ठेवलेले. जयसिंग जेथे अडकला होता, ती जागा तेथून हाकेच्या अंतरावर.

त्याने बुवांच्या मागच्या प्रवासाची रेघ उजळून पाहिली. रेघ लांबच लांब गेली होती. ठिकठिकाणी थांबत, वळसे घेत, हाळी देत. आणि पार टोकाशी...

दोन सूर्य. निळा ग्रह. कडी.

बुवा तेथे आषाढात पोहोचले होते. जयसिंग पोहोचला मार्गशीर्षात.

ताऱ्याखाली कुणाचेच नाव नव्हते, कारण बुवा अद्याप परत पोहोचले नव्हते. तेथल्या प्रत्येक गोलाची माहिती मात्र त्यांच्या यानात होती. निळ्या ग्रहाला एक चिमुकला चंद्रही होता. जयसिंगाने तो पाहिलाच नव्हता; हाळी द्यायला तो थांबला नव्हता.

यानाची दिशा स्थानकाकडे होती. म्हातारा घरी निघाला होता.

प्रथम त्याला हसू आले. मग राग. मग भीती, आणि ती मात्र गेली नाही.

ठाऊक असून गप्प बसले? की अजून ठाऊकच नाही? मघाशी निळ्या ग्रहाचे नाव काढताच हात थांबले होते, ते उगीच नव्हते...

त्याने आपला संगणक उघडला. खेळात शिरताच हवेचे आकडे घसरू लागले. त्याने दुसऱ्या पडद्यावर बुवांचे यान उडवले. एक उडी. आणखी एक. समोर काळपट तांबडा भाकड तारा, आणि त्याच्या उजेडात, दिवे गेलेले, त्याचे स्वतःचे यान. त्याने बुवांचे यान शेजारी आणून उभे केले. पोटातून एक छोटे यंत्र सुटले, तरंगत पलीकडे गेले, चिकटले.

त्याच्या यानाचे दिवे लागले. हवेचे आकडे थांबले. मग वर चढू लागले.

जयसिंगाने दीर्घ श्वास घेतला. वाचलो.

दोन पडद्यांवर दोन याने शेजारी उभी होती. दोन्ही यानांत तोच तारा होता, आणि दोन्ही यानांवर हात एकाच माणसाचा.

आता निघायला हवे होते. पण बुवांचे यान मोठे, टाकी खोल, उडी लांब. बुवा संध्याकाळी परत या खुर्चीवर बसले की दुसऱ्या दिवशी स्थानकावर. जयसिंगाला तेथे पोहोचायला आठवडा लागला असता.

बसणार नाहीत, असे एक मन म्हणाले. ज्याने आपली खुर्ची दिली तो शर्यत कशाला लावील?

तू आणि मी काय वेगळे आहोत, हे भावानेही म्हटले होते.

आणि तारा मुळात बुवांचाच. पहिली दृष्टी त्यांची. ते स्थानकावर गेले तर त्याला चोरीही म्हणता येणार नव्हते. हेच त्याला सर्वांत जास्त सलले.

चहावर साय धरली होती. तो तिच्याकडे थोडा वेळ पाहत राहिला.

मग त्याने बुवांच्या यानाचे नाक ताऱ्याकडे वळवले.

भाकड तारा इंधन देत नाही. पण जाळायचे काम तो दुभत्याइतकेच करतो. पडदा तांबूस झाला. यानाचा आवाज बदलला. तापमानाचा काटा चढू लागला आणि धोक्याचा कर्णा वाजायला लागला.

दारात ओल्या धोतराची फडफड झाली.

"नाक वर घे," बुवा म्हणाले.

ते लगबगीने आत आले होते. तांब्या अजून हातातच होता.

"घाबरू नको. होतं असं. वेग आहे तसाच ठेव, फक्त नाक वर घे. तारा पायाखाली जाऊ दे."

जयसिंगाचा हात हलला नाही.

"वर, जयसिंग. वेळ आहे अजून. डावीकडे मोकळं आहे बघ, तिकडून काढ. मी सांगतो तसं कर. आधी..."

ते थांबले.

त्यांची नजर शेजारच्या पडद्यावर गेली होती. तेथे जयसिंगाचे यान निवांत उभे होते. दिवे लागलेले, टाकी भरलेली.

मग त्यांनी जयसिंगाच्या हाताकडे पाहिले.

तो हात यानाचे नाक ताऱ्यावरच धरून होता.

बुवा तांब्या धरून जागीच उभे राहिले. कर्णा वाजत राहिला. जयसिंगाला वाटले, आता ते खांद्याला धरतील, हात बाजूला करतील, निदान ओरडतील. अजूनही नाक वर घेता आले असते. तो वाट पाहत होता.

...

पडदा पांढरा झाला. मग काळा.

कर्णा बंद पडला तेव्हा मागच्या चुलीवरच्या फोडणीचा आवाज ऐकू आला.

"बुवा..."

"इंधन मिळालं?"

"हो."

"पुरेल घरापर्यंत?"

"पुरेल."

"मग नीघ आता. तारे बघून उड्या घे."

जयसिंगाने आपला संगणक मिटला. पिशवीत घालताना तिची चेन लागेना.

"तुम्हीच म्हणालात ना, तुझ्या हाती आहे म्हणून."

"म्हणालो."

"तुम्हाला ठाऊक होतं? तो तारा... तुम्ही आधीच पाहिला होता ते?"

"दोन सूर्य म्हणालास तेव्हा कळलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी विचारलं असतं, मी... आपण दोघांनी मिळून..."

बुवांनी तांब्या खाली ठेवला. ओल्या हातांचे पाणी जमिनीवर ठिबकत होते.

"मला बघायचं होतं," ते म्हणाले.

वेणूमावशी दाराशी आल्या. "पान वाढू का दोघांना?" असे विचारायला त्यांनी तोंड उघडले, दोघांकडे पाहिले आणि तशाच मागे फिरल्या.

जयसिंग पाया पडायला वाकला. बुवांनी पाय मागे घेतले नाहीत. पुढेही केले नाहीत. त्याने भुईला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

तो ओटीवर आला. नाव आता त्याचेच लागणार होते. आठवड्याभरात त्या दोन सूर्यांखाली, कोणत्याही रंगाऱ्याला खरवडता येणार नाही अशा अक्षरांत, जयसिंग खळदकर. त्याने ते मनात एकदा वाचून पाहिले. मग पुन्हा वाचले. दुसऱ्या खेपेस ते कुणा तिऱ्हाइताचे वाटले.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्याने वळून पाहिले.

बुवा पडद्यासमोर बसले होते. सगळे गमावलेल्या माणसाला अथांगमध्ये एक लहानसे यान फुकट मिळते. तसे एक यान घेऊन ते पहिल्या स्थानकाच्या धक्क्यावर उभे होते. नकाशा कोरा. खाली खेळाने प्रश्न विचारला होता: आपण पूर्वी खेळलेले आहात, सुरुवातीचे धडे वगळायचे का?

बुवांनी 'नाही' वर बोट ठेवले.

एक यांत्रिक आवाज सावकाश सांगू लागला: ही दांडी पुढे केली की यान पुढे जाते. ही मागे घेतली की थांबते.

बुवांनी दांडी पुढे केली. मग मागे घेतली. लक्ष देऊन, जणू प्रथमच.

जयसिंगाच्याने राहवेना.

"बुवा, हे तर अगदी नवशिक्यांचे धडे. तुम्हाला कशाला हवेत?"

बुवांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"तुला शिकवताना यातला एखादा राहून गेला असणार. तो शोधतोय."